आम्ही कोपऱ्यावर थांबतो

"स्वप्नात मी काय केलं याचा जाब तू मला जागेपणी विचारणार?" बाबांनी कप खाली ठेवला.

"मग कुठं विचारू? स्वप्नात तू थांबलास कुठं?" आत्या म्हणाली.

सकाळचे साडेआठ. बाबांच्या एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. आई गॅसपाशी पाठमोरी, उकळून झालेल्या चहाकडे बघत. मी दाराजवळच्या स्टुलावर. आणि आत्या, बाबांची थोरली बहीण, टेबलाच्या त्या टोकाला ताठ बसलेली, कामाचा एप्रन सकाळीच बांधून. त्याच्या खिशांत पितळेचा कीस कायमचा मुरलाय, तिनं हात टेकला की टेबलावर पिवळी चमचम उरते.

आत्या किल्ल्या करते. आमच्या घराखालीच तिचं दुकान आहे: एक शटर, एक मशीन, भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. आजोबांची नजर गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि बाबा नऊ. तेव्हापासून मशीनवर तीच. आजोबांनी दिलेले दोन नियम ती देवाच्या शपथेसारखे पाळते. पहिला, किल्ली कुलपात फिरल्याशिवाय गिऱ्हाईक सोडायचं नाही. कुलूप दाराला जडवलेलं असेल तर आपण उठून त्या दाराशी जायचं. दुसरा, नकलेवरून नक्कल काढायची नाही. मूळ किल्ली आणा, नाहीतर या. केसाएवढा फरक पहिल्या नकलेत खपतो, दुसऱ्या नकलेत तो दार अडवतो. गल्लीतले लोक हसतात तिला. पण कुलूप अडलं की हसणारेच तिचं शटर वाजवतात.

तर रात्री आत्याला पडलेलं स्वप्न असं. आधी भोंगा वाजला म्हणे. मग कुणीतरी ओरडत गेलं की फौज सीमा ओलांडून आत घुसलीय, दुपारपर्यंत इथं पोचेल, देश सोडा. आणि देश सोडायचा म्हटल्यावर माणसांनी काय करावं? रांग लावली. कुठं, तर आत्याच्या दुकानापुढं. प्रत्येकाला घराची दुसरी किल्ली हवी. एक सोबत न्यायला, एक शेजाऱ्यांकडे ठेवायला. शेजारी त्याच रांगेत, हातात तीच मागणी घेऊन. दंतवैद्यानं एका काखेत मुलगी आणि दुसऱ्या काखेत दवाखान्याची पाटी धरली होती. शिंपीणबाई शिवणयंत्राचं नुसतं चाक घेऊन आल्या होत्या. विमानं इतकी खालून जात होती की खिळ्यांवरच्या किल्ल्या वाजत होत्या.

"आणि तू कापत बसलीस," बाबा म्हणाले. "पळायचं सोडून."

"बसले. आणि नुसती कापत नव्हते."

प्रत्येक किल्ली ती ज्याच्या त्याच्या दाराशी जाऊन फिरवून बघत होती. स्वप्नातसुद्धा. तिसऱ्या मजल्यावर एक किल्ली अडली, तर ही पुन्हा खाली आली, कानशीनं दोन दाते घासले, पुन्हा वर गेली. तोवर पुलावर रणगाडा चढला होता. हे सांगताना तिला स्वतःचाच राग येत होता, पण तो तिनं चटकन बाजूला ठेवला, कारण पुढं यायचा होता तो जास्त महत्त्वाचा होता.

पुढं आला टेंपो. बाबा चालवत होते, शेजारी आई, खिडकीशी मी.

"मागं फ्रिज होता," आत्या म्हणाली. "उभा. दोरीनं बांधलेला. फ्रिजला जागा होती."

आईच्या खांद्यांची हालचाल थांबली.

बाबांनी टेंपोतूनच सांगितलं होतं: ताई, आपल्या दाराचीही एक करून टाक, आम्ही कोपऱ्यावर थांबतो. तिनं केली. जिना चढून दारात फिरवून बघितली. लोण्यातून फिरावी तशी फिरली, तिच्या हातून इतकी चांगली किल्ली जन्मात झाली नव्हती. ती धावत कोपऱ्यावर आली, तर तिथं दोरीचा एक तुकडा पडलेला. आणि समोरून फौज. एका अधिकाऱ्यानं तिच्या हातातली किल्ली मागितली, तर ही त्याला म्हणाली, आधी कुलूप आण.

मला हसू आलं. बाबांनाही आलं असावं, कारण त्यांनी तेच पकडलं. फौज कुठल्या देशाची होती, असं विचारलं. आत्या म्हणाली, चौकशी करायला वेळ नव्हता, पण गणवेश तुझ्या शर्टासारखे कडक इस्त्रीचे होते. मग बाबा म्हणाले की झोपताना बातम्या बघितल्या की असंच होणार. आपल्यावर कुणीही हल्ला केलेला नाही. आपण फक्त ऑफिसजवळच्या नव्या घरात राहायला जातोय, पुढच्या महिन्यात, ट्रक ठरवून, माणसासारखे.

"हेच तर," आत्या म्हणाली. "फौज आली असती तर मी म्हटलं असतं, पोरगं घाबरलं, बहिणीला विसरलं. तुझ्यामागं तर कुणीच लागलेलं नाही."

बाबांनी हातातला मोजा उलटा करून सुलटा केला.

आता यातलं खरं किती ते सांगते. आम्ही चौघं राहतो ते हे वरचं घर मालकाला परत जाणार. दुकान राहणार. दुकानामागं एक खोली आहे, त्यात आत्यासाठी पलंग आणि पंखा टाकायचा, असं बाबांनी ठरवलं. तिच्या सोयीसाठी. ती दुकान सोडून येणार थोडीच, असं ते आईला म्हणाले, आईनं मला सांगितलं, आणि मी मान डोलावली. आत्याला हे कुणी सांगितलं? वायरमननं. पंख्याच्या हुकाचं माप घ्यायला आला, तेव्हा त्यानं तिला विचारलं, बाई, तुमचं डोकं कुठल्या बाजूला येणार? चौतीस वर्षं जिच्या मशीनच्या आवाजावर आमचं घर उठलं-बसलं, तिचं डोकं कुठल्या बाजूला येणार, हे विचारणारा घरात एक वायरमनच निघाला.

आणि काल संध्याकाळी बाबा नव्या दाराचं कुलूप घेऊन दुकानात गेले. कुलपाबरोबर एकच किल्ली आलेली. म्हणाले, ताई, अजून दोन कर, म्हणजे तीन होतील, पुरे. आत्यानं काही विचारलं नाही. दोन कापल्या, दोन्ही कुलपात फिरवल्या, पुसून दिल्या. रात्री बाबांनी एक आईला दिली, एक मला. मी माझ्या किल्लीला लाल दोरा बांधला. मोजता मला येत होतं. तरी मी दोराच बांधला.

"वन्सं, चहा घ्या, निवतोय," आई तिकडं तोंड करूनच म्हणाली.

आत्यानं कप ओढला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू खिडकीतून हात हलवत होतीस, चिमणे. मागून येणाऱ्याला हलवतात तसा नाही. निरोपाचा."

मी पर्स उघडली. लाल दोऱ्याची किल्ली काढून टेबलावर, तिच्यापुढं ठेवली. दुसरं काही सुचलं नाही.

"तुझी नको. नक्कल आहे ती." तिनं बोटानं ती माझ्याकडे सरकवली.

मग बाबांना समजुतीचा झटका आला. ते बरंच बोलले. नवीन घर लहान आहे. तिथं तुला करमणार नाही. शेजारपाजार नाही, दिवसभर एकटी भिंतींकडे बघत बसशील. इथं तुझी माणसं आहेत, तुझं गिऱ्हाईक आहे. आम्ही रविवारी येऊच. आणि तुला यायचंच होतं तर तू म्हणायचं होतंस, तू कुठं काही म्हणालीस?

"साहेब," आत्या म्हणाली. चिडली की ती त्यांना साहेब म्हणते. "मी येईन की इथं राहीन, ते माझं मी बघेन. राहीनही कदाचित. पण येऊ शकत होते आणि राहिले, हे वेगळं. तू मला विचारलं नाहीस."

तिनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि एक कोरी किल्ली टेबलावर ठेवली. दाते नसलेली, नवी, त्याच जातीची. म्हणजे काल दोन कापतानाच तिनं तिसरी खिळ्यावरून काढून ठेवली होती.

"मूळ किल्ली तुझ्या जुडग्यात आहे. ती इथं ठेव. खाली जाऊन पाच मिनिटांत कापून आणते. कुलूपही अजून दुकानातच आहे, फिरवून बघते. ठेवतोस?"

आईनं गॅस बंद केला. आता ती आमच्याकडे वळली होती.

बाबांनी दुसरा मोजा चढवला. बूट घातले, एका बुटाची नाडी दोनदा बांधली. टेबलावरचं जुडगं उचललं, खिशात टाकलं, आणि जिना उतरून गेले.