एकाच दिवशी आलेला ईस्टर

लेबनॉनमधल्या आमच्या झाहले गावात नुहादला सगळे डॉक्टरबाई म्हणतात आणि लगेच गुडघा पुढे करतात. ती बिचारी सांगून दमली, की मी माणसांची नाही, धर्मांची डॉक्टर आहे. त्यावर खालची भाजीवाली म्हणते, “अगंबाई, मग धर्माला काय झालंय?”

उभा जन्म तिने बैरुतच्या विद्यापीठात हेच शिकवलं. केनियातले ख्रिस्ती, कोरियातले, ब्राझीलमधले. कोण कुणाशी का भांडतं आणि त्यात सरकारं कशी नाक खुपसतात. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन देशांच्या बिशपांना तिने एकदा एका खोलीत बसवलं आणि एकाच कागदावर सह्या करायला लावल्या. बाहेर केवढं नाव! घरी मात्र दोन म्हाताऱ्या.

तिची आई उम्म तानियोस, म्हणजे तानियोसची आई; मारोनी पंथाची, दुसऱ्या मजल्यावर. सासू उम्म हबीब, ऑर्थोडॉक्स पंथाची, चौथ्या मजल्यावर. मधे नुहाद आणि तिचा नवरा हबीब. दोन्हीकडची पंचांगं वेगळी, त्यामुळे आईच्या ओव्हनमध्ये ईस्टरचं कोकरू भाजत असतं तेव्हा सासूचा उपास चालू, आणि ती तेलातली फरसबी चिवडत जिन्यात खोल श्वास घेत उभी. लग्न झाल्यापासून नुहादने ईस्टर वर्षातून दोनदा केला आणि व्याख्यानांतून एकच घोकलं, की तारीख एक करा, बाकीचं आपोआप जुळेल.

यंदा तारखा एकाच रविवारी आल्या. अधूनमधून येतात तशा. आणि उन्हाळ्यात आई कायमची सिडनीला चालली होती, मुलाकडे, तानियोसकडे. नुहादने ठरवलं, जाण्याआधी एकदा तरी दोघी एका टेबलावर बसल्या पाहिजेत.

“टेबल माझ्याकडे,” आई म्हणाली. “जाणारी बाई मी. तिच्या घरी पाहुणी म्हणून बसू?”

नुहाद वर गेली.

“मुलाची आई मी,” सासू म्हणाली. “माझा हबीब सणाला सासुरवाडीत जेवला तर लोक विचारतील, म्हातारीची चूल मोडली का?”

“काकू, निम्मं तुमचं, निम्मं आईचं. कोकरू तिचं, किब्बे तुमचं.”

खाली आईने ऐकून घेतलं. “तिचं किब्बे? खिम्यात ती पोतंभर दालचिनी घालते.”

“मग माझ्याकडे जेवा. मी रांधते.”

यावर मात्र वरून आणि खालून एकच उत्तर आलं: नको.

“बिशप बरे,” नुहाद हबीबला म्हणाली. “त्यांना निदान विमान पकडायचं असतं.”

“एक बोलू?” हबीब म्हणाला. “बहुतेक वर्षी तारीख वेगळी येते म्हणून तर निभावलं.”

त्यानंतर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिच्या सगळ्या व्याख्यानांवर त्याने पाणी ओतलं होतं ना.

ईस्टरच्या सकाळी ती हट्टाने स्वयंपाकघरात शिरली. हबीबकडून दोघींना निरोप धाडला, जेवण दुपारी आमच्याकडे, यायचं तर या. मग कोकरू भातात घातलं, मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईचं बघत बघत. मधेच कोरियाहून कुणाचा फोन आला. तो लांबला.

करपल्याचा वास जिन्यातून वरही गेला आणि खालीही. दोघी एकदमच दारात हजर. सासूच्या हातात झारा, आईच्या हातात ओलं फडकं. आईने झाकण उचललं.

“हे काय आहे?”

“भात,” नुहाद म्हणाली. “खालचा थोडा लागलाय, एवढंच.”

“वरचा कुठाय?” सासूने विचारलं.

“विहीणबाई, हिला तुम्ही काहीच शिकवलं नाहीत?” आई म्हणाली.

“शिकवायला सापडायला तर हवी. कायम विमानात.”

आईने सुस्कारा सोडला. “खरं आहे तुमचं.”

हे तीन शब्द त्या जिन्यात आजवर कुणी ऐकले नव्हते.

मग हबीब धावला. खालून कोकरू आलं, वरून किब्बे; रांधलेलं दोघींकडेही तयारच होतं. टेबल नुहादचं. कांद्याच्या सालीत रंगवलेली सणाची अंडी एकमेकांवर आपटून लढवायला घेतली, तर आईच्या अंड्याने सासूची तिन्ही फोडली.

“लाकडाचं आहे,” सासू म्हणाली. “दाखवा इकडे. सिडनीच्या विमानतळावर पकडतील तुम्हाला.”

आई हसता हसता खोकली. सासूने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि हात तिथेच राहू दिला.

“बघितलंत?” नुहाद म्हणाली. “तारीख एक असली की—”

“तू पातेलं घास,” दोघी म्हणाल्या.

नुहाद चरफडत घासायला लागली. कानांनी ऐकत होतीच.

“पुढच्या वर्षी कसं आहे गं?” आईने विचारलं.

“वेगळं. तुझा आधी.”

“मग तुमच्या दिवशी मी फोन करीन, विहीणबाई,” सासू म्हणाली. “उपास असला तरी करीन. फक्त काय जेवलात ते सांगू नका.”