मुक्तिगीताला लावलेली चाल

गेल्या चार दशकांतल्या समस्त सिनेसंगीताचा मी एका रविवारी दुपारी निषेध केला. लाल बॉलपेनने. आईने सोलायला दिलेले वाटाणे तसेच राहिले.

त्याचं असं झालं. घाटकोपरच्या आमच्या कॉलनीत गणपतीतली एक संध्याकाळ महिलांची असायची, आणि त्या संध्याकाळी महिलांनी काय करायचं हे पुरुष ठरवायचे. पाककृती स्पर्धा, रांगोळी, वेळ उरला तर उखाणे. त्या वर्षी मी मंडळाच्या मीटिंगमध्ये उभी राहिले. (मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. स्त्रियांच्या एका संघटनेत सात महिने काढले होते आणि सायक्लोस्टाइलची शाई नखांतून जात नव्हती. मी जाऊ देत नव्हते, असंही म्हणता येईल.) 'शोषण' हा शब्द मी नऊ वेळा वापरला. दहाव्यांदा तोंड उघडलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "घे बाई अख्खी संध्याकाळ, पण आता खाली बस."

कार्यक्रमाचं नाव मी तिथेच जाहीर केलं, 'चार दशकांची गाणी, चार दशकांची बाई'. कॉलनीतल्या बायकांनी हौसेने साठ गाणी सुचवली आणि मी ती तपासायला घेतली. जुन्यात जुन्या गाण्यांत बाई रडत होती. त्यानंतरच्या दशकात ती झोपाळ्यावर बसून वाट बघत होती, पुढच्यात बागेत पळत होती आणि नायक मागून येतोय ना हे वळून बघत होती. मग आले क्लबातले नाच, जे ती केवळ खलनायकाचं लक्ष तिजोरीवरून उडावं म्हणून करत होती. आणि आता डिस्को आला होता, त्यात ती स्वतःच्याच कमरेचं कौतुक करत होती. छे! संध्याकाळपर्यंत साठातली दोन गाणी उरली. एक अंगाईगीत होतं. (बाप का नाही म्हणत अंगाई? तेही कापलं.) दुसरं, नीट पाहिलं तर, रेडिओवरची डासांच्या औषधाची जाहिरात निघाली.

"मग म्हणायचं काय?" आईने विचारलं. "डासांचं?"

कापलेल्यांत एक गाणं माझ्या सख्ख्या आत्याने कळवलेलं होतं. कुसुमआत्या वाकोल्याला राहायची. लग्नाआधी ती मेळ्यांतून गायची, आणि लग्नानंतर बावीस वर्षं स्वयंपाकघरात. आतोबांनी तिला कधी गाऊ नको म्हटलं नव्हतं. माणूस साधा होता, पण त्यांना बुडाखाली कुणी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. कुठल्याही कार्यक्रमातून ते शेवटच्या आधी उठायचे. लग्नात विड्याच्या आधी, भजनात आरतीच्या आधी. आत्याने घरी गाणं सुरू केलं, की पहिल्या कडव्याला ते पिशवी घेऊन दूध आणायला निघायचे.

आत्या मुद्दाम वाकोल्याहून आली आणि माझ्यासमोर पाटावर बसून म्हणाली, "नीले, ते उंबऱ्यातलं गाणं मला म्हणू दे. ह्यांनी एकदा अख्खं गाणं बसून ऐकावं, एवढंच गं."

ते गाणं म्हणजे नवरा बाहेर निघालाय आणि बाई उंबऱ्यात उभी राहून त्याला विनवतेय, की अजून थांबा, दिवा अजून जळतोय. मी तिला शांतपणे समजावलं की पहिली गोष्ट, हे लाचारीचं गाणं आहे. आणि दुसरी गोष्ट, आपल्या कलेला नवऱ्याची पावती मागणं ही त्याहून मोठी लाचारी आहे. या विषयावर मी तिला आमचं पत्रकही दिलं. आत्याने त्याची घडी घातली, सोबत आणलेल्या पेटीच्या खोक्यात ठेवली आणि म्हणाली, "बरं बाई. कोरसात तरी घे."

आता गाणंच उरलं नाही म्हटल्यावर मी स्वतः मुक्तिगीत लिहिलं. आमच्या संघटनेत मुक्तिगीतं करायची रीत ठरलेली होती. सगळ्यांना येणारी चाल घ्यायची आणि शब्द आपले भरायचे, कारण मोर्चात चाल शिकवत बसायला कुणाला वेळ असतो? त्या वर्षी रिक्षापासून बारशापर्यंत एकच गाणं वाजत होतं, 'दासी तुमची मी, धनी'. चाल झकास होती. मी तिच्यावर शब्द चढवले, 'माणूस आहे मी, ऐका'. शत्रूचं शस्त्र शत्रूवरच उलटवल्याचा आनंद मला तीन दिवस पुरला.

तालमी आमच्या स्वयंपाकघरात झाल्या. आत्या धरून सहा बायका, मी, आणि पोळ्या लाटत आई.

"अगं, तोंडाला जुने शब्द बसलेत गं सगळ्यांच्या," आई म्हणाली.

"सवय म्हणजेच गुलामी," मी म्हटलं. आईने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि पुढची पोळी घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडप भरला. पहिल्या रांगेत संघटनेच्या ताई झोळीतून वही काढून बसल्या होत्या, अहवाल लिहायला. त्यांच्याशेजारी आतोबा, मांडीवर पिशवी, एक पाऊल आधीच बाहेर. मी अर्धा तास प्रास्ताविक केलं. मग मूठ वर करून मुक्तिगीत सुरू केलं.

पहिलं कडवं फक्कड झालं. पण आमच्या पेटीवाल्या राणेकाकांनी मधलं संगीत रेकॉर्डवर होतं तसंच्या तसं वाजवलं, आणि तिसऱ्या रांगेतून कुणीतरी गुणगुणलं, 'दासी तुमची मी, धनी'. मी हाताने नको नको अशी खूण केली. लोकांना वाटलं, मी त्यांना गायला बोलावतेय! अख्ख्या मंडपाने सूर धरला. बायका टाळ्या देत होत्या, म्हातारे माना डोलवत होते, आणि दासी तुमची मी, दासी तुमची मी. माझ्या कोरसातल्या पेडणेकर काकू अर्धं कडवं लढल्या, मग पडल्या. त्यांच्यामागे एकेक करत बाकीच्या. स्त्रीमुक्तीच्या बाजूने आता मंचावर मी एकटी उरले होते.

म्हणून मी माईक तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि सगळा जीव ओतून ध्रुपद उचललं.

'दासी तुमची मी, धनी.'

मूठ वरच होती. खांबावर बांधलेल्या भोंग्यातून माझं दास्य बसस्टॉपपर्यंत गेलं. डोळे उघडले तेव्हा ताईंनी पेनाला टोपण लावलं होतं.

मंडप टाळ्यांनी कोसळत होता. वन्स मोअर आला! मला भूमीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण खाली मंडळाने फरशी घातलेली. त्या गोंधळात आतोबा उठले, पिशवी काखेत मारली आणि मंचाकडे हात करून म्हणाले, "चल गो, बस चुकतली."

आत्याने माझ्या हातातून माईक काढून घेतला. विचारलं नाही. राणेकाकांना नुसती मान हलवली आणि उंबऱ्यातलं गाणं सुरू केलं.

वन्स मोअर विरला. आतोबा दोन रांगांच्या मधल्या वाटेवर पोचले होते, पाठमोरे. आत्याने सरळ त्यांच्या पाठीकडे बघत ती ओळ म्हटली, अजून थांबा. ते थबकले. वळले. तिने तीच ओळ पुन्हा म्हटली. लोकांनी आतोबांकडे पाहिलं. तिसऱ्यांदा म्हटली. आता त्यात विनवणी शिल्लक नव्हती. वर्गात बाई उभ्या पोराला सांगतात तसा तो सूर होता. राणेकाका निवांत पेटीवर सूर भरत राहिले, जणू हिला सकाळपर्यंत हीच ओळ म्हणायची असेल तर त्यांची हरकत नव्हती. शेवटी आतोबा जवळच्या खुर्चीवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. खुर्चीत आधीच एक काकू होत्या, त्या कशाबशा सरकल्या.

मग ती दुसऱ्या कडव्याला गेली. आणि तिसऱ्या.

मी मंचाच्या कोपऱ्यात उभी होते. ताई उठून आल्या, तेव्हा मला वाटलं आता नाव कापणार. त्यांनी कानाशी वाकून विचारलं, "ही बाई कोण गं? हे आपल्या यादीत कसं नाही?" मी सांगितलं, होतं, पण काही तांत्रिक कारणाने कापलं गेलं. सात महिन्यांत ताईंशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं.

बस अर्थात चुकली. दोघं आमच्याकडेच राहिली. जेवताना आतोबांनी आमटीत लिंबू पिळलं. मग म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात आवाज बरो चढता तुझो."

"दुसरं कडवं असतं हे आज कळलं ना?" आत्या म्हणाली आणि त्यांना भात वाढला. (वाढून का घेतलं नाही त्यांनी, हा मुद्दा माझ्या अगदी जिभेवर होता. त्या दिवशीची माझी जीभ बघता मी ती भातात घातली.)

आता आत्या आमच्या संघटनेच्या प्रत्येक मोर्चात गाते, आतोबा पिशवी घेऊन शेवटपर्यंत चालतात. मलाही मानाची जागा आहे. सगळ्यात मोठा फलक माझ्याकडे देतात. दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि त्याचं माझं टोक माईकपासून सगळ्यात लांब असेल, याची ताई जातीने काळजी घेतात.