मिक्सरवरचं कुंकू

आईने एकटीने दुकानात जाऊन घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे तो मिक्सर. मोडलेलं मनगट बरं झाल्यावरही पाट्यावर ठेचा वाटणं तिला जमेना, म्हणून एक दिवस अनसिंगहून बसने वाशिमला गेली आणि मिक्सर घेऊन आली. ना बाबांना विचारलं, ना मला. पक्कं बिल मागून घेतलं, हे मात्र फोनवर दोनदा सांगितलं, कारण ते मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मिक्सर बंद पडला. एकटी गेली म्हणून असं झालं, एवढंच बाबा म्हणाले. तेव्हापासून आई 'मले काय कळते त्यातलं' म्हणायला लागली. मिक्सर गेल्यापेक्षा मला या वाक्याचाच जास्त राग आला. सुट्टी टाकून मी गावी आले आणि आईला, बिलाला आणि मिक्सरला घेऊन थेट दुकान गाठलं.

काउंटरवरच्या माणसाने मिक्सर उलटसुलट करून पाहिला आणि एका जागी बोट ठेवलं. आईने पूजा करून त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. वस्तू वापरलेली आहे, बदलून मिळणार नाही, म्हणाला. त्याच्या मागे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी होतीच. मग माझी गाडी सुटली. माल खराब निघाला तर ती पाटी काही कामाची नाही, मी ग्राहक आयोगात जाईन, बिल आहे माझ्याकडे. माझा आवाज चढला तसा त्याचाही चढला. आई माझी ओढणी ओढत होती. घाबरली असेल असं मला वाटलं.

ती मला फक्त गप्प करत होती. मी थांबल्यावर तिने त्याच्या समोरच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"भाऊ, याच्यावर बी कुंकू हाय. दसऱ्याले तुमीच लावलं असन. मंग याची बी वारंटी गेली का?"

आतून मालक हसत बाहेर आले. त्यांनी जुना मिक्सर लावून पाहिला, बिल वाचलं आणि नवा खोका काढायला सांगितलं. आईने नवा मिक्सर तिथेच तीनदा चालवून घेतला. मग दुकानातल्या देवाजवळचा कुंकवाचा करंडा मागितला. काउंटरवरचा मघाचाच माणूस तो घेऊन आला.

"आता तुमचंच कुंकू लावते," ती म्हणाली. "मंग वापरलेला म्हनायचं काम नाही."

परतताना बसमध्ये तिने खोका मांडीवरच ठेवला, मला धरू दिला नाही. बाबांना फोन लावला.

"आनला बदलून. मीच बोलली."

अर्धा तास घसा फोडणाऱ्या माझं तिने नावही काढलं नाही. खिडकीकडे तोंड करून मी हसत होते, आणि डोळेही भरून आले होते.