पन्नास पौंड हवा

चूक हे लिहिणाऱ्याचीच. वैरागच्या शाळेत गणितात पहिला आलेला मुलगा कॉलेजसाठी सोलापुरात आला, की त्याला कुणी न विचारलेलं सांगायची हौस असते. अंबुबाईच्या खाणावळीत जेवता जेवता त्यानं शेजारी बसलेल्या गुरुबसप्पाला सांगितलं, "सायकलीच्या टायरात पन्नास पौंड हवा लागते. पुस्तकात दिलंय."

"पौंड सरकारनं बंद केले की वो, मास्तर," गुरुबसप्पा म्हणाला. "किलोत सांगा."

हे पौंड दाबाचे, वजनाचे नव्हेत, एवढं सांगून इथं गप्प बसायचं होतं. पण आकडा समोर आल्यावर गप्प बसणं वैरागच्या शाळेत शिकवत नाहीत. "पावणेतेवीस," त्यानं तोंडी हिशेब करून टाकला.

गुरुबसप्पानं हातातला घास ताटात ठेवला. "एका चाकात?"

"एका चाकात."

"म्हंजे दोन चाकांत मिळून साडेपंचेचाळीस किलो हवा मी रोज फुकट ओढतोय?"

दुसऱ्या कुणी ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. पण गुरुबसप्पा जुना तोलार. आडत बाजारात जोंधळ्याची पोती तोलण्यात त्याची जवानी गेली. शेर जाऊन किलो आले तेव्हा त्यानं काही दिवस कळ काढली, आणि एका सकाळी तराजू खाली ठेवून सांगितलं, "शेर गेला, मीबी निघालो." तराजू सुटला तरी तोलणं सुटलं नाही. माणूस भेटला की तो आधी मनातल्या मनात उचलून बघायचा. "ज्याला वजन न्हाय ते हायच न्हाय," हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. त्यात भूत आणि पुढाऱ्याचं आश्वासन ही दोन्ही एका फटक्यात निकालात निघायची.

आता संसार चालायचा तो कडक भाकरीवर. बायको सावित्रम्मा बाळीवेशीतल्या घरी पापडासारख्या पातळ भाकरी थापायची आणि निखाऱ्यावर खडखडीत वाळवायची. गुरुबसप्पा टोपलं सायकलीच्या कॅरिअरला बांधून मिलच्या गेटासमोर अंबुबाईकडे पोचवायचा. सोलापूरचे रस्ते असे, की बाळीवेशीतून पौर्णिमा निघावी आणि मिलपाशी चतुर्थी पोचावी.

त्या गुरुवारी, पौंडांचं बोलणं निघण्याआधीच, अंबुबाईनं निकाल दिला. "सोमवारी बाराच्या भोंग्याआधी, आणि अख्ख्या. न्हायतर मी दुसरी बाई बघते."

"अवो अंबुबाई, लोक आमटीत चुरूनच खातात की!"

"चुरायचा मान गिऱ्हाइकाचा, गुरुबसप्पा. तुमच्या सायकलीचा नव्हं."

भाकरी बंद झाली तर पुन्हा आडतीत जाऊन किलोची मापं उचलायची. त्यापेक्षा ज्वारीच्या पोत्याखाली गेलेलं बरं, असं त्याचं मत होतं. आणि अशा घडीला वैरागच्या शहाण्यानं ते पौंड त्याच्या डोक्यात भरले.

शुक्रवारी तो मधल्या मारुतीजवळ एकनाथच्या सायकल दुकानात गेला. "दोन्ही चाकांतनं मिळून वीस किलो हवा काढ."

एकनाथनं पाना खाली ठेवला. "अप्पा, हवेला वजन कसलं ओ?"

"मग पंप मारताना तुला दम का लागतो? बिनवजनाचं उचलायला कुणाला दम लागतोय?"

एकनाथनं विचार केला, आणि व्हॉल्व्ह सैल केला. दुसऱ्याच्या डोक्याशी हुज्जत घालण्यापेक्षा ते कुठवर जातं हे बघत बसणं त्याला आवडायचं. गुरुबसप्पा डोळे मिटून फुसफुस ऐकत राहिला आणि वीस किलो पुरे झाल्यावर म्हणाला, "बास. हवा तुझ्या दुकानात सोडलीय, ध्यानात ठेव."

त्या दिवशी सायकल पोट भरलेल्या म्हशीसारखी चालली. टायर रस्त्याला चिकटायचे, सुटताना फद्‌कन वाजायचे. भाकऱ्यांना मात्र पाळण्यात बसल्यागत सुख लागलं. एकही तडकली नाही. पण खाणावळीत पोचला तोवर कामगार भातावर भागवून परत आत गेले होते.

"अख्ख्या भाकऱ्या आणि रिकामी बाकडी," अंबुबाई म्हणाली. "आता ह्या काय भिंतीला टांगू?"

शनिवारी त्यानं उलट टोक धरलं. एकनाथकडून दगडासारखी हवा भरून घेतली. एकनाथ खरं तेच सांगत होता, "अप्पा, मागं बोजा हाय. मागं थोडी कमी ठिवू, पुढं थोडी जास्त."

"थोडी म्हंजे किती?"

"थोडी म्हंजे थोडी."

"माप नसलेला माल मी घेत न्हाय."

सायकल टोळासारखी उडत गेली. खाणावळीत डाळसुद्धा शिजायची होती. अंबुबाईनं टोपल्यात हात घातला, मुठीतून भाकरी वाळूसारखी सोडली आणि विचारलं, "चाळून आणली व्हय?"

रविवारी एकनाथनं नवा तोडगा काढला. रुंद टायर आरामाला, बारीक टायर वेगाला, मग दोन्ही का लावू नयेत? पुढं कुणा कॉलेजकुमाराच्या स्पोर्ट सायकलीचं बारीक, लहान चाक आलं. मागं माल वाहायच्या सायकलीचा जाडजूड टायर. मडगार्ड काढावा लागला. लहान चाकाला पुढचा ब्रेक पोचेना, जाड टायरानं मागचा बसेना, म्हणून दोन्ही ब्रेक काढून एकनाथनं पुडीत बांधून दिले.

सायकल पुढं वाकली होती. सावित्रम्मानं ती दारात बघितली आणि कपाळाला हात लावला. "अय्यो शिवने! ही सायकल हाय की पाया पडायला निघालेली सून?"

सोमवारी सून निघाली. सायकलीच्या उतारामुळं टोपलं सारखं गुरुबसप्पाच्या पाठीला ढुशी देत होतं. तरी वेग होता, आराम होता, आणि मिल जवळ येत होती. तेवढ्यात बारीक चाकाला गटारावरच्या लोखंडी जाळीतली फट आवडली. चाक आत जाऊन बसलं. नेहमीचा दीड इंची टायर असता तर वरून गेला असता, पण आराम मागं होता आणि फट पुढं.

ओढताना टोपलं हिंदकळायला लागलं. त्यानं दोर सोडला, टोपलं डोक्यावर घेतलं आणि दोन्ही हातांनी चाक उपसलं. भोंग्याची वेळ झाली होती. तो टांग टाकून निघाला. बरंच पुढं गेल्यावर त्या तोलाराच्या ध्यानात आलं, की वजन कॅरिअरवर नाही, मानेवर आहे.

आता थांबायची सोय नव्हती. एक हात टोपल्याला, एक हात हँडलला, आणि ब्रेक घरी पुडीत. खाणावळीसमोर आला आणि लिंबाच्या झाडाभोवती गोल फिरू लागला.

"अंबुबाई, उतरवा!"

"आधी तुमी उतरा की!"

"मी उतरलो तर भाकरी उतरती! टोपलं घ्या!"

अंबुबाईनं पदर खोचला आणि सायकलीबरोबर पळू लागली. पहिला फेरा चुकला. दुसऱ्यात तिनं टोपलं उचललं, आणि त्याच क्षणी भोंगा झाला. गेटातून कामगार बाहेर आले तेव्हा ती टोपल्यात वाकून एकेक भाकरी उचलून उन्हात धरत होती. सगळ्या पौर्णिमा.

"उद्यापासनं अशाच आणा," ती म्हणाली.

गुरुबसप्पाला उतरवायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. मागच्या जाड टायरानं स्वतःहून दम टाकला, तेव्हा तो थांबला.

पुढं जुनी चाकं परत बसली, ब्रेकही बसले, पण टोपलं डोक्यावरच राहिलं. कॉलेजच्या पोरांनी कारण विचारलं की तो सांगायचा, "आदी भाकरी हवेवर बसायची. आता माणसावर बसती." आणि हे लिहिणाऱ्याकडे बघून वर म्हणायचा, "मास्तर, माणसाचे पौंड किती?" वैरागच्या गणितानं तेव्हापासून तोंड मिटलं आहे.

राहिला एकनाथ. गुरुबसप्पा दर आठवड्याला हवा भरून घेतो आणि "त्या वीस किलोतनं वळती कर" म्हणून टांग टाकतो. एकनाथ सुरुवातीला भांडला, मग त्यालाही हिशेबाची गोडी लागली. परवा त्यानं पंप टेकवून ठेवला आणि म्हणाला, "अप्पा, फिटली की ओ सगळी."

गुरुबसप्पानं मागच्या टायरावर अंगठा दाबला, डोळे मिटले, मनात तोललं.

"न्हाय," तो म्हणाला. "दीड किलो अजून यायची हाय."