आबांच्या गाडीला इंटरकूलर

आबांनी अट घातली ती जेवताना, ताटावरून मान वर न करता. दसऱ्याला घाट उतरून आत्याकडं जायचं, सोनं द्यायचं आणि त्याच दिवशी घाट चढून परत यायचं. चढताना गाडी कुठंही न थांबता वर आली तर मी उद्यमनगरात गाळा घेऊन गाड्यांचं काम सुरू करायचं. मध्येच थांबली तर सोमवारी वारणानगरला, त्यांनी ओळखीतून बघून ठेवलेल्या नोकरीवर मुकाट्यानं रुजू व्हायचं.

"आन् मग परत माझ्या गाडीचं बॉनेट उघडायचं न्हाय," असं म्हणून त्यांनी भात मागितला.

माझे वडील जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली आणि तिच्यावर आमच्यापेक्षा जास्त जीव लावला. गाडी सपाटीला छान पळायची, पण चढ आला की धापा टाकायची. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते आणि तापली की विरळ होते, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं होतं. इंटरकूलर ती हवा वाटेत गार करून पुढं पाठवतो, आपण चहा बशीत ओतून गार करतो तसं. आबांना ते पटलं नाही. "गाडीला पडसं झालंय व्हय? नाकात नळ्या कशाला घालतोयास?" एवढंच ते म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत, आणि आबांच्या बाबतीत तेवढं पुरेसं होतं.

भंगारवाल्याकडं दोन इंटरकूलर मिळण्यासारखे होते. एक ट्रकचा, चांगला ऐसपैस. दुसरा एका अपघातातल्या जीपचा, निम्म्यानं लहान. माझं मन आधी ट्रकच्याच मागं धावलं. मोठं ते चांगलं, हा आमच्या कोल्हापूरचा जुना आजार. पण मोठ्या कूलरमध्ये हवा भरायलाच वेळ लागतो, म्हणजे पाय दाबला तरी गाडी जांभई देऊन मगच उठणार. शिवाय तो रेडिएटरच्या पुढं दारासारखा उभा राहिला असता. मी दोन्ही घरी आणले आणि एकेकाचं तोंड बंद करून, दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपानं हवा भरून, अंगणातल्या हौदात बुडवून पाहिले. ट्रकच्या कूलरमधून बुडबुड्यांची रांग लागली. जीपचा मात्र पाण्यात गपगार पडून राहिला. आई धुण्याची बादली घेऊन तिथंच ताटकळत होती. "आता ह्याला आंघोळ घालून झाली असंल तर मी कापडं धुती," ती म्हणाली.

बसवायला बरेच दिवस गेले. बंपर कापावा लागला तेव्हा आबा उठून चक्क फिरायला निघून गेले. कूलर रेडिएटरच्या पुढं, पण दोन बोटं अंतर सोडून बसवला. पट्ट्यांखाली रबर दिलं, नाहीतर हादऱ्यानं टाके उकलतात. पाइपच्या टोकांना उंचवटा काढून घेतला, म्हणजे दाब आला तरी होज, म्हणजे रबरी नळी, निसटणार नाही. घाटात होज निसटला तर सगळंच संपलं. होजवरच्या पट्ट्या मी इतक्या वेळा आवळल्या की आई म्हणाली, "मोडशील की रं आता!"

गाळ्याच्या मालकानं विश्वासानं किल्ली देऊन ठेवली होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवलेली असायची. दसऱ्याच्या सकाळी निघताना माझं लक्ष तिच्याकडंच होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झालेली. गाडीच्या तोंडावर झेंडूची माळ होती, मनगटाएवढी जाड, मध्ये आंब्याची पानं, आणि तिचे पदरावर पदर घेतलेले. मी हात जोडले आणि बॉनेट उघडून पुन्हा पट्ट्या चाचपल्या. माळेकडं माझं ध्यान कुठं होतं?

गगनबावड्यापर्यंत गाडी पाण्यासारखी गेली. आबा चालवत होते, मी शेजारी, आई मागं. इंजिनचा तो नवा जोर त्यांच्या पायाला कळत होता, हे मला दिसत होतं, पण त्यांचा चेहरा डेपोत हजेरी देताना असावा तसा. उष्णतेचा काटा मात्र नेहमीपेक्षा किंचित वर होता. मी स्वतःला सांगितलं, ऑक्टोबरचं ऊन आहे. उतारावर तो खाली आला आणि माझाही जीव खाली आला. आत्याकडं पोहोचून सोनं दिलं, जेवण झालं. आत्यानं पुरणपोळी आग्रहानं वाढली, पण मी अर्धी टाकून उठलो.

मग घाट चढायला लागलो.

पहिली वळणं आबांनी अशी घेतली की मला ओरडावंसं वाटलं. गाडी तिसऱ्या गिअरवर हसत चढत होती. पूर्वी इथं दुसरा टाकून रडायची. मी चोरून आबांकडं पाहिलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, ते हसू होतं की नाही देव जाणे. आणि तेवढ्यात काटा उठला.

आधी निम्म्यावर, मग निम्म्याच्या पुढं. आबांनी तो पाहिला. मी पाहिला हे त्यांनीही पाहिलं. मी डोक्यात एकेक गोष्ट तपासू लागलो. होज निसटला म्हणावं तर गाडी जोरात ओढतेय. पंखा बंद म्हणावा तर त्याचा आवाज येतोय. दोन बोटांचं अंतर कमी पडलं की काय? मग मी एवढे दिवस काय केलं? काटा आणखी सरकला. एका बाजूला दरी, एका बाजूला काळा कडा, मागं एक ट्रक हॉर्न वाजवत चिकटलेला, आणि त्या सगळ्यात मला फक्त काट्यापुढची लाल रेघ दिसत होती.

तेव्हा समोरच्या काचेवर झेंडूची एक पाकळी येऊन चिकटली. कोमेजलेली.

"आबा, माळ!" मी म्हणालो. "माळेनं वारं अडलंय. कूलरचं तोंडच बंद झालंय, मागं रेडिएटरलाही वारं मिळत नाही."

"माळ काढायची न्हाय." त्यांनी मान हलवली नाही. "खंडेनवमीची माळ आपसूक गळती. हातानं काढत न्हाईत." एसटीच्या डेपोतला हा त्यांचा नेम. त्यांच्या बसवरची माळ वाळून काडी होईपर्यंत तशीच असायची.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माळ कूलरवरच नेमकी, एवढी जाड, पदरावर पदर. यांनी मुद्दामच केलं, असं मला वाटलं. स्पष्टच सांगतो, त्या क्षणी मला माझ्या बापाचा राग आला. मला हरवायला माणूस स्वतःची गाडी जाळायला निघालाय, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं.

वरचा नाका दिसत होता. आणखी मोजकी वळणं. मी गप्प बसलो असतो तर गाडी बहुतेक पोहोचलीही असती, आणि अट मी जिंकली असती. इंजिनचं हेड मग पुढच्या महिन्यात गेलं असतं, आणि तेव्हा कुणाला आठवणार होतं? किल्ली खिळ्यावरून माझ्या खिशात आली असती. काटा रेघेला टेकला. बॉनेटखालून शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला. मी हा आवाज ओळखतो, पाणी उकळायला लागल्याचा.

"थांबवा गाडी!" मी ओरडलो. "आबा, थांबवा! इंजिन जाईल!"

आबांनी गाडी कड्याच्या बाजूला घेतली. ट्रकवाला शिव्या देत पुढं गेला. गाडी थांबली होती. म्हणजे मी हरलो होतो.

मी खाली उतरलो आणि रागानं पक्कड घेऊन माळेची दोरी तोडायला वाकलो. "तोडू नकोस," आबा म्हणाले. ते माझ्या मागंच उभे होते. त्यांनी मला बाजूला सारलं, गुडघे टेकले आणि स्वतःच्या हातानं एकेक गाठ सोडवायला लागले. गाठी त्यांच्याच होत्या, म्हणून त्यांना सापडत होत्या. बोटं भाजत असणार, पण एकदाही हात मागं घेतला नाही. माळ सुटल्यावर ती रस्त्यावर पडू न देता त्यांनी ओंजळीत धरली आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवली.

ते इंजिनपाशी परत गेल्यावर आई हळूच मला म्हणाली, "काल पहाटंपास्नं ओवत बसलतं. नव्या जिन्नसाला पयली पूजा म्हणून त्याच्याच तोंडावर सगळ्यात जास्त पदर घातलं. बसबिगर दुसऱ्या कशाला त्यांनी आजवर सोता माळ ओवली न्हवती."

मी उगाच टायरला लाथ मारली.

गाडी निवल्यावर वर आलो. काटा निम्म्याखालीच राहिला, अगदी शहाण्यासारखा. घराच्या दारात गाडी लावताना आबा म्हणाले, "सोमवारी जायचं न्हवं?"

"जातो," मी म्हणालो. अट अट होती.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो, तर आबा गाडीत बसून होते. एसटी स्टँडपर्यंत सोडतील म्हणून मी बसलो. घरातून निघताना किल्ली मालकाला परत द्यायची म्हणून खिळ्यावर हात घातला होता, तर ती जागेवर नव्हती. आईनं उचलली असेल असं धरून मी विचारलंही नाही. गाडी स्टँडच्या चौकातून वळली नाही. सरळ उद्यमनगरात शिरली आणि गाळ्यासमोर थांबली.

"पावणं, उतरा," आबा म्हणाले.

त्यांनी खिशातून किल्ली काढली, शटर वर केलं, आणि मागच्या सीटवरची ती दसऱ्याची माळ उचलून माझ्या हातात दिली. ती आता निम्मी वाळली होती.

"वर चौकटीला बांध," ते म्हणाले. "हितनं वारं न्हाय गेलं तरी चालतंय."