"ती वायर बंदच हाय!"

दुकानातला माल हलतो, किस्से हलत नाहीत. पलूसला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, वायर, बटणं, होल्डर विकायचे आणि घरी जायचं. पण गिऱ्हाईक नुसता होल्डर मागत नाही. आधीचा का गेला, त्या वेळी घरात कोण कुणाला काय बोललं, सगळं सांगतं. आता माझ्या रॅकमध्ये जागा शिल्लक आहे, डोक्यात नाही!

मी कुठल्या कॉलेजात वीज शिकलो नाही. शिकलो ते काउंटरवर आणि महादूतात्यांकडून. तात्या आमच्या दुकानाचे वायरमन. त्यांचं खास काम म्हणजे घराबाहेरच्या जुन्या, वापरात नसलेल्या वायरी काढणं. लोक गोठा पाडतात, वायर तशीच. अंगणातला दिवा जातो, वायर तशीच. आणि विचाराल त्या घरी एकच उत्तर, "ती वायर बंदच हाय!"

या वाक्यावर विसंबून तात्या एकदा निवांत पत्र्यावर चढले आणि तिथून उडून थेट शेणखताच्या ढिगात पडले. ढीग होता म्हणून तात्या आहेत. तेव्हापासून त्यांचा नेम ठरला. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये तपासायचा. मग मेन बंद करायचं, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा, वायरीला टेस्टर लावून बघायचा. हात सगळ्यात शेवटी!

*

आमच्या गल्लीत एक रिटायर सुभेदार आहेत. त्यांच्या जुन्या न्हाणीघराची वायर भिंतीवर लोंबत होती.

"तात्या, मी स्वतः तोडलीया. फौजी माणसाचा शब्द हाय."

"व्हय? मग धरा की त्ये टोक," तात्या म्हणाले.

सुभेदारांनी टोकाकडं पाहिलं. मग ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "तात्या, ही ड्यूटी तुमची हाय!"

हा किस्सा मी महिनाभर येईल त्याला सांगून हसत होतो. मग आमच्याच परसातल्या दिव्याच्या वायरीची पाळी आली. आमची मंडळी म्हणाली, "ही काढून टाका एकदाची." मी म्हणालो, "बंदच आहे गं ती." तात्या शेजारीच होते. त्यांनी नुसतं टोकाकडं बोट केलं.

मी म्हणालो, "आधी चहा घेऊ."

मंडळी म्हणाली, "सुभेदारांना उगाच हसलात. बिचाऱ्यांना चहा सुचला नाही!"

*

मलकापूरला तात्यांची मेव्हणी राहते. तिच्या गच्चीवरची जुनी वायर काढायला तात्या गेले. नेमाप्रमाणे मेन बंद, फ्यूज खिशात. ते शिडीवर असताना मेव्हणी खालून ओरडली, "आवं दाजी, मिक्सरात चटणी अर्धी ऱ्हायलीया! मी मेन चालू केलं तरी लाईट येईना. कसलं तुमचं काम!"

तात्यांच्या हातात त्या वेळी उघडी तार होती. त्यांनी खिसा चाचपला, देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "चटणी पाट्यावर वाट!"

वायर निघाली, जेवण झालं, तात्या एसटीत बसून पलूसला आले. थोड्या वेळानं दुकानातला फोन वाजला.

"आण्णा, आमच्या दाजींच्या खिशात माझं घर हाय!"

तसला फ्यूज मलकापुरात कुठल्याही दुकानात मिळतो, हे मला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या दुकानाचं नाव माझ्या तोंडून कसं निघणार? मी तात्यांनाच परत एसटीत बसवलं.

*

मिरजेला एक तंबोरे करणारे चाचा आहेत. त्यांच्या कारखान्यामागं एक जुनी वायर आडवी गेली होती आणि तिच्यावर त्यांनी तंबोऱ्याचे भोपळे वाळत टांगले होते.

तात्या म्हणाले, "चाचा, आधी मेन बंद करा."

"तारेचं मला शिकवता? चार पिढ्या तारेत गेल्या आमच्या. ही मेलेली आहे."

वायरीचं सालपट एके ठिकाणी निघालं होतं. तात्यांनी तिथं टेस्टर टेकवला. लागला की दिवा! 

"आमची तार बोट लावलं की वाजते," चाचा हळूच म्हणाले.

"ही वाजत न्हाई चाचा. ही वाजवती!"

*

आता शंकर आणि जयसिंग यांचं सांगतो. पलूसजवळच्या एका वाडीतले हे सख्खे भाऊ. आठ वर्षांपूर्वी वाटणी झाली. रान वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, अंगणात मधोमध भिंत आली आणि बोलणं संपलं. म्हातारी आई चार महिने इकडं, चार महिने तिकडं.

भिंतीवरून एक जुनी वायर गेलेली. पूर्वी तिच्यावर अंगणातला दिवा होता. दिवा गेला आणि आई त्या वायरीवर लुगडं वाळत घालायला लागली. यंदाच्या पावसाळ्यात ती म्हणाली, "वायरीला हात लावला की मुंग्या येत्यात रं."

शंकर म्हणाला, "ती त्याची वायर हाय, आन् बंदच हाय."

जयसिंगही तेच म्हणाला.

शेवटी आईनं शेजाऱ्याकडून निरोप धाडला. तात्यांबरोबर मीही गेलो. तात्यांनी शंकरचं मेन बंद केलं. वायरीत करंट! शंकरचं चालू करून जयसिंगचं बंद केलं. तरी करंट! नवं मीटर घेताना जयसिंगनंही तीच वायर आपल्या बोर्डात जोडून घेतलेली. एका लुगड्याला दोन मीटर!

"दोनी मेन एकदम बंद पायजेत," तात्या म्हणाले. "आन् फ्यूज माझ्या खिशात असलं तरी दोगांच्या तोंडून ऐकल्याबिगार मी वर चढणार न्हाई. एकमेकाला इचारा."

शंकर भिंतीच्या अलीकडं, जयसिंग पलीकडं. कुणी तोंड उघडेना. तात्या शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभे. आई दाराच्या पायरीवर बसलेली, मांडीवर ओलं लुगडं.

"आरं बोला की रं!" ती कडाडली. "का मी हात लावून बगू?"

शंकरनं भिंतीकडं बघत विचारलं, "बंद केलंस का?"

पलीकडून आवाज आला, "केलंया. तू?"

"मीबी."

पुन्हा पलीकडून आवाज आला, "नीट बग. आई हात लावती तितं."

तात्यांनी टेस्टर लावला, दोन्ही बोर्डांतली टोकं सोडवली आणि वायर खाली ओढली. आईला सुतळीची दोरी बांधून दिली. आम्ही चहा घेतला, शंकरकडं अर्धा, जयसिंगकडं अर्धा, आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच शंकर दारात.

"आण्णा, वायर द्या. एक होल्डर आन् बल्ब बी द्या."

"कशाला?"

"त्या भिंतीवर दिवा लावावा म्हंतो. दोनीकडं उजेड पडंल."

"अहो, कालच तर काढली! बरं, आता एकाच मीटरवरून घ्यायची. कुणाच्या घेताय?"

शंकर थबकला. हातातला होल्डर त्यानं काउंटरवर ठेवला.

"थांबा जरा," म्हणाला, "त्याला इचारून येतो!"