स्पॅनिश घराला लागलेली नजर

आखातातल्या बुदय्या गावी, खजुराच्या झाडांमधलं ते घर आमच्या अरब मालकाच्या वडिलांनी स्पेन बघून आल्यावर बांधलं. जाड पांढऱ्या भिंती, कमानींचा व्हरांडा, वर नळीची लाल कौलं, मधोमध अंगण आणि त्यात कारंजं. म्हातारा म्हणायचा, "अंगण आम्हा अरबांचंच. स्पेनला गेलं होतं, मी परत आणलं." मरताना मुलांना बजावून गेला, घर धड आहे तोवर विकायचं नाही. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. नवरा बाग बघायचा, मी घर. माझी पोरं तिथेच वाढली.

आमच्या रायगडकडे आवडत्या वस्तूची कुणी तारीफ केली की आपण तिला नावं ठेवायची, नजर लागू नये म्हणून. मालकाने एकदा माझ्या लेकीला गोड म्हटलं, तर मी म्हणाले, "कसली गोड, माकडतोंडी मेली!" तो चपापला. कारण सांगितलं तेव्हा पोट धरून हसला. मला बहीण मानायचा म्हणे!

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी त्याची थोरली बहीण आली. ती परदेशी असते. घर विकायला तिचाच तेवढा विरोध होता, पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक? कमानीवरून हात फिरवत ती म्हणाली, "माशाल्ला, किती छान राखलंय!" झालं, माझी जीभ सुटली. "कसलं छान, बाई! छप्पर गळतं, भिंतींना ओल, कधी डोक्यावर येईल नेम नाही."

मी हिंदीत बोलले. मालकाने शब्दन् शब्द तिला अरबीत सांगितला. तो आता हसेल, नजरेचं सांगेल, म्हणून मी वाट बघत राहिले. त्याने सांगितलं नाही. बहिणीचा चेहरा पार उतरला.

पुढच्याच महिन्यात नवरा सांगत आला, "खलास, घर विकलं. पाडणार आहेत." मी तडक मालकाला गाठलं.

"मी तसं का बोलते, तुम्हाला माहीत होतं ना?"

"बहन, तूच तर बोललीस," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

केसाने गळा कापला हो माझा! माझ्याच तोंडाने माझं घर पाडून घेतलं.

आम्ही हमद टाउनला सामान हलवलं त्या दिवशी कौलं उतरत होती. खालची लाकडं कोरडी ठणठणीत, एक डाग नाही. मग मात्र अंगणात उभी राहून मी मोठमोठ्याने तारीफ केली, भिंतींची, कमानींची, त्या छपराची. आता नजर लागायला उरलंच काय होतं?